शुक्रवारची लस

गणपती उठले की चाकणजवळच्या आमच्या निघोज्यातले आठ-दहा दिवस फार बरे जातात. मांडवाचे बांबू उतरलेले असतात, ढोलांनी बधिर झालेले कान जाग्यावर येतात, आणि उरलासुरला पाऊस मध्येच येऊन मध्येच जातो. कंपन्यांच्या कुंपणांबाहेर गवत कमरेपर्यंत वाढतं. रात्रपाळी करून येणारी पोरं त्या गवतातून आडवाटेने येतात आणि पँटभर कुसळं घेऊन माझ्या खानावळीच्या दारात उभी राहतात. "बाहेर झटका, मग आत या," असं मी रोज ओरडते. रोज कुणीही ऐकत नाही, आणि दुपारी मी मुकाट्याने झाडू हातात घेते.

आज सकाळी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. समोरच्या रस्त्याने आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर स्कूटीवरून गेल्या, पायाशी लशींचा निळा डबा. आज गावातल्या तान्ह्या बाळांना टोचायचा दिवस, म्हणजे तासाभरात सगळी आळी एका सुरात रडणार. भाजक्या शेंगदाण्यांचा वास, ओलसर ऊन आणि तो निळा डबा, तिन्ही एकदम समोर आली आणि माझा हात कढईतच थांबला. शेंगदाणे थोडे करपले. अगदी ह्याच वासाचा एक भाद्रपद मी जगले आहे.

त्या दिवसांबद्दल हल्ली कुणी फारसं बोलत नाही. 'कोरोनात' एवढा एक शब्द उरला आहे. कोरोनात लग्न झालं, कोरोनात गाडी घेतली, कोरोनात नोकरी गेली. जुनी माणसं 'दुष्काळात' म्हणायची, तसं. एवढ्या मोठ्या देशाने माणसामाणसाचा दंड गाठून सुई लावली, हेसुद्धा आपण पार विसरून गेलो. संकट टळलं की ते कसं टळलं हे कोण आठवत बसतो! मला मात्र विसरता येत नाही. कारण त्या अफाट मोहिमेतला एक दंड माझ्या घरात होता आणि तो काही केल्या बाहीबाहेर यायला तयार नव्हता.

मी मूळची शाळेतली बाई. चाकणच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायचे. कोरोनात शाळा बंद पडली आणि मोबाईलवर 'मॅडम, आवाज येत नाही' एवढंच ऐकू येऊ लागलं, तेव्हा मी घराच्या पडवीत मेस सुरू केली. पुढे शाळा उघडली, पण मी काही परत गेले नाही. पोरं तिथेही होती आणि इथेही आहेत. इथली निदान ताट स्वच्छ करून उठतात.

माझे यजमान सुरेश. लेखात सारखं 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून सुरेशराव म्हणते. घरात असं म्हटलं तर ते मागे वळून बघतील, कोण पाहुणा आला म्हणून. आम्ही उदगीरकडचे. लग्न झाल्या झाल्या इकडे आलो आणि इथलेच झालो, फक्त सुरेशरावांची भाषा काही इकडे यायला तयार झाली नाही. ते कंपनीत मेंटेनन्सला आहेत. बंद पडलेलं मशीन चालू करायचं आणि चालू मशीनला उगाच हात लावायचा नाही, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. आमच्या ह्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. केस कापणं, बाजार, मुलगी बघायला जाणं, राहिलेली भांडणं, सगळं गुरुवारी. पण ज्या दिवशी मशीनं झोपतात त्याच दिवशी मेंटेनन्सवाल्याला त्यांच्या पोटात शिरायला मिळतं. म्हणून सुरेशरावांची गुरुवारी हमखास ड्युटी आणि सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी आमच्या गावात दिवसाउजेडी माणूस शोधून सापडत नाही. सगळी पोरं कंपनीत, उत्पादनाच्या लाईनवर असतात, आणि हे एकटे लुंगी लावून पडवीत बसलेले. सवय झाली आहे आता. पण त्या वर्षी ह्या शुक्रवाराने मला फार छळलं.

सुरेशरावांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे दीर, त्यांना सगळे दादाच म्हणायचे. महाळुंग्याकडच्या एका कंपनीच्या गेटवर ते सिक्युरिटीला होते आणि आमच्याकडेच राहायचे. वहिनी गावाकडे, शेत आणि म्हैस सांभाळून. दादा रोज संध्याकाळी अंगणात फिरत फिरत वहिनींशी फोनवर बोलायचे, म्हशीपासून सुरुवात व्हायची आणि म्हशीवरच संपायचं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना लस सुरू झाली म्हटल्यावर दादांना कोण उत्साह! युनिफॉर्मला इस्त्री केली, मिशीला तेल लावलं, जणू झेंडावंदनालाच निघाले आहेत. सुरेशरावांनी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून उपकेंद्रावर नेलं आणि आणलं.

तिसऱ्या दिवशी दादांना ताप भरला. सुईचा ताप आहे, उतरेल, असं सगळेच म्हणाले. लस घेतली की ताप येतो हे तोपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. तो उतरला नाही. त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचा बेड शोधत माणसं कशी फिरत होती, हे मी पुन्हा लिहीत नाही, ज्याने त्याने आपापल्या घरात ते बघितलं आहे. आमचे दादा गेले. आम्हाला लांबूनच एक गुंडाळी दाखवली आणि दादा म्हणून आम्ही तिला हात जोडले.

घरी आल्यावर सुरेशराव अंगणातल्या बादलीजवळ हात धूत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "टोचलं अन् गेला." विषय संपला. त्या दिवसापासून आमच्या घरात लशीचं नाव काढायची सोय राहिली नाही.

मे महिना आठवला की मला अजून हसू येतं, आणि त्या वेळी आलेला रागही आठवतो. मोबाईलवर नाव नोंदवायचं, तारीख-वेळ मिळवायची, असा तो प्रकार होता. शहरातल्या पोरांची बोटं आमच्या गावकऱ्यांपेक्षा शंभर पटींनी चपळ. सकाळी उपकेंद्रासमोर बघावं तर रावेत, हिंजवडीकडच्या चकचकीत गाड्यांची रांग. एक मुलगा गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसलेला. मला म्हणाला, "काकू, इथे रेंज कुठे चांगली येते?" पलीकडे कट्ट्यावर आमच्या आळीतले तात्या धोतराचा सोगा धरून बसले होते. ते म्हणाले, "गाव आमचं, दवाखाना आमचा, अन् आमी नुसतं बघायचं व्हय? आमाला म्हनं लस न्हाई. ह्यास्नी हाय."

तात्यांचं खरंच होतं. मीही दोन शब्द बोलायच्या तयारीत होते. तेवढ्यात रावेतची एक मुलगी दंड धरून बाहेर आली आणि फोनवर ओरडली, "आई, मिळाली! अगं खरंच मिळाली!" दहावीचा निकाल लागावा तशी ती नाचत होती, आणि मग गाडीला टेकून रडायला लागली. माझा राग जागच्या जागी जिरला. भीती काही गाव बघून येत नव्हती. मी तिला पाणी दिलं. माझा नंबरही त्याच दिवशी लागला, गर्दीतून घुसून, शाळेतल्या बाईचा आवाज काढून.

दुसऱ्या दिवशी मला सणसणून ताप आला. सुरेशराव कामावर गेलेच नाहीत. दुपारभर माझ्या उशाशी बसून राहिले. दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावायचे आणि विचारायचे, "श्वास लागायलाय का? खरं सांग." मी चिडून म्हटलं, "अहो, मला झोपू द्या." तेव्हा गप्प बसले, पण उठले नाहीत. संध्याकाळी माझा ताप उतरला, मी चहा मागितला, तर हा बाप्या चहा करता करता ओट्याशी रडत होता. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. एवढा वेळ त्यांच्या लस न घेण्याला मी हट्ट समजत होते. तो हट्ट नव्हता, हे मला त्या चहाच्या कपापाशी कळलं, पण मग काय होतं ते कळेना.

जून-जुलै असेच गेले. उपकेंद्राच्या दारावर शिंदे सिस्टर रोज खडूने लिहायच्या, 'आज लस उपलब्ध नाही'. शेवटी पुसून पुन्हा लिहिण्यापेक्षा त्यांनी ते तसंच ठेवलं. मेसमधल्या पोरांच्या गप्पांना मात्र ऊत आला होता. कुणीतरी सांगितलं, सुई घेतली की दंडाला लोखंड चिकटतं. मग काय, आमची पोरं कंपनीतलीच! लस घेतलेल्या गणेशला जेवताना बाही वर करायला लावून त्याच्या दंडावर वॉशर चिकटवून बघायचे. वॉशर वरणात पडायचा. "घामट हाय राव, म्हणून सटकतोय," असं त्यांचं शास्त्र. मी म्हटलं, "वरणातला वॉशर कोण काढणार? तुमचा बाप?" त्यानंतर प्रयोग पडवीबाहेर हलले.

मग हळूहळू चित्रच पालटलं. श्रावणात लशी येऊ लागल्या, कंपन्यांनी आपापले कॅम्प लावले, रावेतच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. गुरुवारी उपकेंद्रावर जत्रा भरायची. तात्यांनी सुई घेतली आणि दोन दिवस आळीभर दंड दाखवत फिरले. उन्हाळ्यात माणसं होती आणि लस नव्हती, भाद्रपद उजाडेपर्यंत लस होती आणि माणसं संपत आली. ज्यांना हवी होती त्यांनी घेतली होती. आता उरली होती ती न ऐकणारी, वेळ न मिळणारी आणि घाबरलेली. एवढी मोठी मोहीम ह्याच माणसांपाशी येऊन अडली होती, आणि त्यातलं एक माझ्या पडवीत लुंगी लावून बसलेलं.

सुरेशरावांच्या कंपनीत कॅम्प झाला त्या दिवशी हे नेमके कुठल्याशा मशीनखाली शिरून बसले. ऑफिसात सांगितलं, मी गावात घेतो. मला सांगितलं, "मी काय नको म्हणायलोय का? शुक्रवारी जातो." आणि खरंच गेले! मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मी घरी शिरा केला. अर्ध्या तासात परत. "नाही झालं. बाटली फोडत न्हाईत म्हणं आज." पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले, पुन्हा परत. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर निघताना शीळ वाजवत होते. माझ्यातल्या बाईला ती शीळ काही पटली नाही. गृहपाठ न करता आलेलं पोर असंच खुशीत असतं, बाई रजेवर आहेत हे त्याला आधीच कळलेलं असतं.

मी सरळ शिंदे सिस्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "काकू, एका बाटलीत दहा जणांची लस असते. एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. म्हणून दहा जण जमल्याशिवाय मी उघडत नाही. शुक्रवारी तीन-चार जणांवर कुणी येतच नाही. सुरेशभाऊंना पहिल्याच दिवशी सांगितलं मी, गुरुवारी या, लगेच होईल. तर म्हणाले, 'नको नको, शुक्रवारच बरा.' फार समजूतदार माणूस आहे बघा, जरासुद्धा तक्रार करत नाहीत. मोजतात आणि जातात."

मोजतात आणि जातात! मी घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते. हसता हसता रागही येत होता आणि डोळ्यांत पाणीही. म्हणजे हा माणूस मला दुखवायचं नाही म्हणून दर शुक्रवारी लस घ्यायला जात होता, आणि घ्यावी लागू नये म्हणून शुक्रवारी जात होता. माझा दुसरा डोस केव्हाच घ्यायचा झाला होता, ह्यांना बरोबर घेऊन जाऊ म्हणून मीच थांबले होते. ठरवलं, आता शुक्रवार तर शुक्रवार. दहा माणसं मी जमवते.

गणपती उठून गेले होते. त्या शुक्रवारी सकाळी मी असेच शेंगदाणे भाजून ठेवले आणि बाहेर पडले. शुक्रवारी निघोज्यात माणूस सापडत नाही म्हणतात, पण कुणाची शिफ्ट कधी सुटते हे मेसवालीइतकं कुणाला माहीत असणार? रात्रपाळीची चार पोरं नुकती जेवून खोलीत आडवी झाली होती. त्यांचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "काकू, झोपू द्या की. उद्या घेतो."

"उद्या नाही, आत्ता. नाही आलात तर बुधवारचं चिकन बंद."

दार उघडलं. चारही जण तसेच, डोळे चोळत, एकाची बनियन उलटी. तिथून मी रस्त्यावर रफिकभाईंच्या गॅरेजकडे गेले. रफिकभाई पंक्चर काढत होते. त्यांचा दुसरा डोस राहिला आहे हे मला माहीत होतं. म्हणाले, "भाभी, मी तर येतोच. और दो देता हूँ तुम्हाला." त्यांच्या बाकड्यावर दोन ट्रक ड्रायव्हर चहा पीत होते. कंटेनर घेऊन राजस्थानातून आलेले, कंपनीच्या गेटवर नंबर लागायची वाट बघत. ही माणसं आज ह्या राज्यात, उद्या त्या राज्यात. कुठल्याच गावाची लस त्यांच्या वाट्याला आली नव्हती. थोरल्या ड्रायव्हरने विचारलं, "हमको भी देंगे? हम तो यहाँ के नहीं हैं।" मी म्हटलं, "भैया, दंड आहे ना? बस." तो उठलाच. वाटेत किराणावाल्याच्या सुनेला हाक मारली, तीही बाळ सासूकडे देऊन आली. अशी आमची वरात उपकेंद्रावर पोचली. सिस्टर बघतच राहिल्या.

अकराच्या सुमारास सुरेशराव आले. मोटारसायकल लावली, शीळ वाजवतच पायरी चढले आणि आत बघितलं. बाकांवर माणसं. त्यांची नजर एकेकावरून फिरली, माझ्यावर येऊन थांबली, आणि शीळ थांबली.

"या सुरेशभाऊ," सिस्टर म्हणाल्या, "आज जमलं बघा तुमचं."

ते वळले आणि परत मोटारसायकलपाशी गेले. मी मागोमाग गेले. मला वाटलं चिडतील, मीही भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण ते गाडीची मागची सीट हाताने पुसत उभे होते, आणि सीट कोरडी होती.

"सुनंदा," ते म्हणाले, "मीच आणलंतं त्याला. ह्याच गाडीवर. मागं बसून आला. उतरताना म्हणला, तूबी घे की रे. मी म्हणलं, मला शिफ्ट हाय, तू घे आधी. तो गेला अन् मी राहिलो. मी नसतं आणलं तर..." त्यांनी पुन्हा सीट पुसली. मग म्हणाले, "वहिनीला काय तोंड दाखवू मी? तेराव्यापासून एक फोन करायची हिंमत झाली न्हाई."

पाच महिने मी ह्या माणसाला आकडे, बातम्या, डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवत होते, आणि ह्यांना सुईची भीती नव्हतीच. आपण भावाला हाताने नेऊन मारलं, असं ते मानून बसले होते. मी त्यांचा हात धरला. गावात नवऱ्याचा हात असा रस्त्यावर धरायची पद्धत नाही, पण शुक्रवार होता, बघायला होतं कोण!

आतून थोरला ड्रायव्हर दारात आला. "भाईसाहब, गेट पे हमारा नंबर लगने वाला है। आप आ जाते तो बोतल खुल जाती।"

सुरेशराव गोंधळले. "माझ्यासाठी थांबलेत?"

"नऊ जण आहेत भाऊ," मागून सिस्टर म्हणाल्या. "दहावे तुम्ही."

सुरेशरावांनी आत बघितलं. रात्रपाळीची ती चार पोरं भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होती, पण बाह्या चौघांच्याही वर होत्या. रफिकभाईंच्या हाताला अजून पंक्चरचं सोल्युशन होतं. सगळं तयार होतं आणि एका जागी अडलं होतं. मेंटेनन्सवाल्याला हे दृश्य दाखवावं लागत नाही. त्याच्या लेखी जगात एकच मोठं पाप असतं, आपल्यामुळे लाईन बंद पडून उभी राहणं. सुरेशरावांचा चेहरा मी बघत होते. भीती तशीच होती, दुःख तसंच होतं, पण त्याच्यावर तो जुना, कामावरचा चेहरा चढायला लागला.

"माझ्यामुळं लाईन थांबायलीय व्हय," ते स्वतःशीच म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी झालं न्हाई असं."

आणि ते आत गेले. मी पुढे होऊन सुईच्या खुर्चीवर बसले, तर मला म्हणाले, "तू उठ. आधी मला." मग सिस्टरांना म्हणाले, "हिच्या आधी मला द्या. काय व्हायचं ते मला होऊ दे."

सिस्टरांनी बाटलीचं झाकण उडवलं. किती बारीक आवाज असतो त्याचा! सुरेशरावांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामाने भिजलेला. "झालं," सिस्टर म्हणाल्या. "झालं?" त्यांनी डोळे उघडून विचारलं, आणि पोरं हसली. मग बाटली भराभर रिकामी झाली. किराणावाल्याची सून, रफिकभाई, ड्रायव्हर, झोपाळू पोरं, मी. त्या छोट्या खोलीत आम्ही दहा जण दंड धरून बसलो. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी राजस्थानचं, आणि एका बाटलीतलं औषध आम्हा सगळ्यांच्या अंगात. मला एकदम फार बरं वाटलं. एवढा मोठा देश, एवढी धावपळ, एवढ्या चुका, तरी ती बाटली बर्फातून आमच्या ह्या खोलीपर्यंत आली होती आणि तिच्यातला एक थेंब वाया गेला नव्हता.

लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं. बाकीचे बाहेर कट्ट्यावर गेले. सुरेशराव बाकावर बसून राहिले. बराच वेळ मोबाईल हातात घेऊन नुसता फिरवत होते. मग त्यांनी नंबर लावला. मशीनांच्या आवाजाने त्यांचे कान मंद झाले आहेत, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. दोन रिंगांत वहिनींनी उचलला.

"कोण, सुरेशभाऊजी? बरे हाव न्हवं?" वहिनींचा आवाज घाबरलेला होता.

"बरा हाय वहिनी. मी आत्ता सुई घेतली. दादाला आणलंतं तिथंच." मग म्हणाले, "वहिनी, मी त्याला आणायला नको होतं."

पलीकडे वारं ऐकू येत होतं. त्या शेतात असाव्यात.

"असं का म्हणायलाव?" वहिनी म्हणाल्या. "त्यांना त्याच्या आधीपासूनच खोकला होता की. फोनवर बोलताना ठसका लागायलता. मी म्हणलं, दवाखान्यात जावा. तर म्हणले, सुरेशला सांगू नको, त्याला कळलं तर सुईला नेणार न्हाई. तिथं बाईनं विचारलं तर न्हाई म्हणून सांगतो म्हणले."

"सुईच्या आधीपासून?" सुरेशरावांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला मागनं कळलं असंल," वहिनी म्हणाल्या. "तुमी फोनच करंना झालात. मी म्हणलं, मला ठावं असून मी सांगितलं न्हाई, म्हणून रागावले भाऊजी. मग मीबी केला न्हाई. कोणत्या तोंडानं करणार?"

"न्हाई हो वहिनी," सुरेशराव म्हणाले, "न्हाई, न्हाई." तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि पलीकडे वहिनी रडत राहिल्या, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण माझंही तेच चाललं होतं. मग वहिनींनी नाक ओढलं आणि विचारलं, "लई दुखतंय का हो ते? मी अजून घेतली न्हाई."

"घ्या वहिनी. उद्याच्या उद्या घ्या. मी हाय इथं बसलेला, काय झालं न्हाई मला."

फोन ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मागे भिंतीला डोकं टेकलं. दादा गेल्यापासून मी त्यांचे खांदे असे खाली आलेले पाहिले नव्हते. सिस्टर दारातून डोकावल्या. "सुरेशभाऊ, अर्धा तास होऊन गेला. काही त्रास नाही ना? जा आता घरी."

"बसतो की थोडं," सुरेशराव म्हणाले.